मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचे खरे तास स्वतः कसे काढायचे

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, हे इंटरनेटवर विचारलं की साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आकडा मिळतो. वेळ विचारली तर कुठे चौदा तास, कुठे सोळा, तर कुठे एकवीस. यातला कुठलाच आकडा चुकीचा नसतो, पण प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतो. तिकीट काढणाऱ्याला, त्यातही पहिल्यांदा अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांसाठी तिकीट काढणाऱ्या मुला-मुलींना, हे वेगळेपण नीट कळायला हवं. पासष्टी-सत्तरीच्या माणसाला चार तासांचा फरक फार जड जातो. म्हणून हिशेब पहिल्यापासून मांडतो. उदाहरण मुंबई आणि न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं घेतलंय. रीत मात्र नागपूर-टोरंटोलाही तीच आणि गोवा-सिडनीलाही तीच.

पहिली पायरी: सरळ अंतर

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन गावांमधलं सर्वांत कमी अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. पृथ्वीगोल घ्या, एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ढिला असताना तो अरबस्तान, भूमध्य समुद्र असा कुठेही पडेल. ताणत गेलात की उत्तरेकडे सरकत जाईल, आणि पूर्ण ताणल्यावर थेट आइसलंडवरून जाताना दिसेल. पट्टीवाल्या नकाशावर वाढलेल्यांचा यावर पटकन विश्वास बसत नाही, म्हणून मुलांना हा प्रयोग जरूर करून दाखवा.

हा ताणलेला दोरा मुंबईहून जवळपास उत्तरेलाच निघतो: कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून फिनलंड, स्वीडन, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, आणि तिथून कॅनडात उतरून न्यूयॉर्क. सर्वांत वरचा बिंदू साधारण ६५ अंश उत्तर अक्षांशावर येतो. ही यादी लक्षात ठेवा, पुढे वेळेच्या हिशेबात लागणार आहे.

दोरा मोजण्याऐवजी आकडेमोडही करता येते. दहावीची त्रिकोणमिती आठवत असेल तर मोबाइलवरचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो, फक्त तो 'डिग्री'वर आहे ना ते बघून घ्या.

मुंबई: उत्तर १९.०९ अंश, पूर्व ७२.८७ अंश.
जेएफके: उत्तर ४०.६४ अंश, पश्चिम ७३.७८ अंश.

एक रेखांश पूर्वेचा आणि दुसरा पश्चिमेचा, म्हणून दोन्हींची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही पूर्वेचे असते तर वजाबाकी. बेरीज १८०च्या वर गेली तर ३६०मधून वजा करा. सिडनीसारखा अक्षांश दक्षिणेचा असेल तर तो उणे धरा.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०.
मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०.
दोन्हींची बेरीज −०.३८६०. या आकड्याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) काढला की ११२.७ अंश येतात.

पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेला हा कोन. एका अंशाला जमिनीवर सुमारे १११.२ किलोमीटर धरले की उत्तर १२,५३० किलोमीटर. वैमानिक नॉटिकल मैलात बोलतात, त्यात एका अंशाचे ६० मैल, म्हणजे सुमारे ६,७६०. आपल्या ओळखीच्या मैलात ७,७९०च्या आसपास. एखाद्या साइटवर दहा-वीस किलोमीटर जास्त दिसले तर गडबडू नका. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, आणि काही साइट तोही हिशेब धरतात.

एवढं करायचं नसेल तर 'ग्रेट सर्कल मॅपर' नावाच्या साइटवर दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकले की अंतर आणि नकाशावरची रेघ दोन्ही मिळतं. गूगल अर्थमधली मोजपट्टीही तेच करते. तरी एकदा हाताने काढून बघा, त्यानंतर कुठलाही भलता आकडा समोर आला की लगेच खटकतो.

दुसरी पायरी: विमान खरंच कुठून जातं

दोऱ्याची रेघ ही किमान मर्यादा आहे. प्रत्यक्ष मार्ग तिच्याहून लांब असतो, आणि त्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा राजकारण असतं.

वरची यादी पुन्हा बघा. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्याआधी २०१९मध्येही ती काही महिने बंद होती. ऑगस्ट २०२१पासून अफगाणिस्तानच्या आकाशात हवाई नियंत्रण नीटसं राहिलेलं नाही, त्यामुळे बऱ्याच कंपन्या तिथून जाणं टाळतात. २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि युरोपीय संघाच्या विमानांना बंदी घातली. भारतीय कंपन्यांना मात्र रशियावरून जायला मोकळीक राहिली. जून २०२५मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराण-इराकची आकाशं काही दिवस आणि आखातातल्या काही देशांची काही तास बंद झाली. थोडक्यात, त्याच दोन विमानतळांमधला रस्ता कंपनी कुठल्या देशाची आहे आणि महिना कुठला आहे यावर बदलतो.

मुंबईला याची झळ दिल्लीपेक्षा कमी बसते. मुंबईहून निघून समुद्रावरून ओमान-आखाताकडे वळणं फार आडवाटेचं नाही. दिल्लीच्या विमानांना मात्र आधी दक्षिणेला उतरून मग पश्चिमेला वळावं लागतं. २०२५मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरवावी लागली होती. तेव्हा मुंबईहून जावं की दिल्लीहून, असा पर्याय समोर असेल तर पाकिस्तानची हद्द त्या वेळी उघडी आहे का, हे आधी बघा. नुसत्या भाड्यावर ठरवू नका.

हिशेबासाठी सरळ अंतरात पाच टक्के वाढवून धरायचे. १२,५३०चे सुमारे १३,१५० किलोमीटर. हद्दी बंद असतील तर सात-आठ टक्के धरा.

तिसरी पायरी: वारा

जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा, हे कसं, असा प्रश्न हमखास येतो. पृथ्वी फिरते म्हणून, असं उत्तर घरोघरी दिलं जातं. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच उडतं. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. विमान उडतं त्या उंचीवर, म्हणजे दहा-बारा किलोमीटरवर, मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. फेब्रुवारी २०२०मध्ये अशाच वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं होतं. एरवी याच प्रवासाला साडेसहा तास लागतात.

बोइंग ७७७सारखं विमान हवेत साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातं. सगळा रस्ता काही जेट स्ट्रीममधून जात नाही, आणि जाताना वैमानिक तो टाळतात, येताना तोच शोधतात. म्हणून सरासरी ६० किलोमीटरचा फरक धरला तर अंदाज बरा जमतो:

जाताना १३,१५० भागिले ८४० = सुमारे १५ तास ४० मिनिटं.
येताना १३,१५० भागिले ९६० = सुमारे १३ तास ४० मिनिटं.

यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटला लागणं यांची चाळीसेक मिनिटं मिळवा. जाताना सव्वासोळा-साडेसोळा, येताना सव्वाचौदा-साडेचौदा तास. वेळापत्रकात छापलेली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, त्यामुळे तुमचा आकडा तिच्याशी पाव-अर्ध्या तासात जुळायला हवा. दोन तासांची तफावत आली तर एक तर रस्ता वेगळा आहे, किंवा मध्ये थांबा आहे आणि तो तुमच्या नजरेतून सुटलाय.

पडताळणीची सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर. तिथे विमानाचा क्रमांक टाकून मागच्या आठ-दहा दिवसांची खरी उड्डाणं बघा. किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं, कुठून गेलं, सगळं दिसतं. एकाच दिवसाचं बघून निष्कर्ष काढू नका. आणि हिवाळ्यातल्या प्रवासासाठी मागच्या हिवाळ्यातल्या वेळा मिळाल्या तर त्या धरा.

चौथी पायरी: घड्याळ आणि तारीख

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची स्थानिक वेळ असते. समजा मुंबईहून विमान १५ जूनला रात्री १:४० वाजता सुटतंय आणि न्यूयॉर्कला १५ जूनलाच सकाळी ८:१०ला पोहोचतंय. वरवर पाहता साडेसहा तास. पण उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. साडेसहा अधिक साडेनऊ, सोळा तास. झाला हिशेब.

हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, आणि विमान कंपन्यांची उन्हाळी-हिवाळी वेळापत्रकंही त्याच सुमारास बदलतात. लंडन-फ्रँकफर्टमार्गे जाणार असाल तर मार्चमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एका आठवड्यात पाठ केलेले फरक चालत नाहीत, तेवढ्या तारखा पुन्हा तपासा.

परतीला: न्यूयॉर्कहून सकाळी ११:३०ला निघालं, तर त्या क्षणी भारतात रात्रीचे ९ वाजलेले असतात. त्यात साडेचौदा तास मिळवा, दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३०. घ्यायला येणाऱ्यांना 'उद्या' म्हणून सांगण्याऐवजी तारीख आणि वार सांगा.

आता ती मध्यरात्रीची तारीख. १५ जून, रात्री १:४० म्हणजे १४ जूनची रात्र उलटल्यावर. विमानतळावर १४ तारखेला रात्री दहापर्यंत पोहोचायचंय. १५च्या रात्री सामान घेऊन विमानतळावर गेलं आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं, ही फसगत अजूनही होते. तिकीट हातात आलं की घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने १४च्या चौकोनात 'आज रात्री निघायचं' असं लिहून टाका. फोनमधल्या आठवणीपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण घरातल्या सगळ्यांना ते दिसतं.

घड्याळाशी बांधलेली आणखी एक गोष्ट म्हणजे औषधं. याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. वरच्याच उदाहरणात, आईने १५ जूनची सकाळी आठची गोळी भारतीय वेळेनुसार विमानात घेतली. न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिथे सकाळचे आठ वाजून गेलेत, आणि सवयीने 'सकाळची गोळी' पुन्हा घेतली जाऊ शकते, जेमतेम साडेनऊ तासांत. उलट, तिथल्या दुसऱ्या सकाळपर्यंत थांबली तर मध्ये साडेतेहतीस तास जातात. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधं यांत हे चालत नाही, इन्सुलिनमध्ये तर मुळीच नाही. प्रवासाच्या वेळा तासांत मांडून तो कागद निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि कुठली गोळी भारतीय वेळेनुसार किती वाजता घ्यायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या. औषधं हातातल्या पिशवीत, प्रिस्क्रिप्शनसह. आणि पोहोचेपर्यंत आई-बाबांच्या मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या.

पाचवी पायरी: थेट जावं की थांबत

थांबत गेलं की अंतर खूप वाढतं असं वाटतं. बघू या. मुंबई-लंडन ७,२१० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५४०, मिळून १२,७५०. म्हणजे थेटपेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०००, म्हणजे चारशेच्या आसपास जास्त. हवेत हा फरक वीस-तीस मिनिटांचा. शिवाय एकदा जास्तीचं उतरणं-चढणं, त्याचा अर्धा-पाऊण तास. बाकीचा सगळा वाढीव वेळ विमानतळावर बसून जातो. लंडनमार्गे तीन तासांचा थांबा धरला तर एकूण एकवीस तासांच्या आसपास होतात. तोच थांबा अकरा तासांचा असेल तर एकोणतीस. स्वस्त तिकिटांचं गुपित बहुतेक इथेच असतं.

'डायरेक्ट' लिहिलेलं विमान मध्ये कुठेतरी उतरू शकतं, क्रमांक तोच राहतो. मध्ये उतरायचंच नसेल तर 'नॉनस्टॉप' हा शब्द शोधा. एअर इंडियाने मुंबई-जेएफके नॉनस्टॉप सेवा २०२३मध्ये सुरू केली, पण लांब पल्ल्याच्या सेवा वाढतात, कमी होतात, बंदही पडतात. बुकिंगच्या दिवशी काय आहे तेच खरं.

माझं मत विचाराल तर गुडघे धड असतील आणि सलग सोळा तास बसवत असेल तर नॉनस्टॉप, इंग्रजीची भीती असेल तर नक्कीच नॉनस्टॉप. पाठदुखी किंवा पायाला सूज येण्याचा त्रास असेल तर अडीच-तीन तासांचा एक थांबा शरीराला बरा पडतो. दीड तासाचं कनेक्शन मात्र ज्येष्ठांसाठी घेऊच नका, व्हीलचेअर यायलाच कधी कधी अर्धा तास जातो. आणि दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर हवीत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कुणीच घेत नाही.

अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. एरवी अमेरिकेतल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, बॅगा उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढे ह्यूस्टन-शिकागोला जायचं असेल तर पुन्हा सोपवाव्या लागतात. तिथे तीन तास ठेवा.

सहावी पायरी: दारापासून दारापर्यंत

शेवटी कामाचा आकडा हाच. पुण्यात कोथरूडहून निघून न्यू जर्सीत एडिसनला मुलाच्या घरी पोहोचायचंय असं धरू. सगळ्या वेळा भारतीय.

१४ जून, संध्याकाळी ५:३०: घर सोडलं. द्रुतगती मार्गावर घाटात वाहनं अडली तर आणि वाटेत चहा-बाथरूमला थांबून चार-साडेचार तास.
रात्री १०: मुंबई विमानतळ, टर्मिनल २. सामान, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी.
१५ जून, रात्री १:४०: उड्डाण.
संध्याकाळी ५:४०: जेएफके.
संध्याकाळी ७:४०: इमिग्रेशन आणि सामान होऊन बाहेर.
रात्री ९:१०: एडिसन. तिथे तेव्हा सकाळचे ११:४०.

सोळा तासांचा विमानप्रवास, आणि घरातून निघाल्यापासून २७ तास ४० मिनिटं. आई-बाबांना सांगताना हाच आकडा सांगा, डबा आणि औषधंही याच हिशेबाने बांधा. कापलेली फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ बरोबर असतील तर ते उतरण्याआधी संपवा. अमेरिकेच्या कस्टमला त्यांची माहिती द्यावीच लागते.

एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टन या बाजूला जाणाऱ्यांनी नेवार्क विमानतळही तपासावा. मुंबईपासूनचं हवाई अंतर जवळपास तेवढंच, पण एडिसन नेवार्कहून तीसेक किलोमीटरवर आहे आणि जेएफकेहून पासष्टेक. शिवाय जेएफकेहून येताना मध्ये न्यूयॉर्कची वाहतूक पार करावी लागते. आता मुंबईकडेही हाच प्रश्न आलाय. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५मध्ये उड्डाणं सुरू झाली. पुण्याकडून येणाऱ्यांना तो जवळ पडतो, पण तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचून गाडी तिकडे वळवू नका. विमानतळाचा तीन अक्षरी कोड आणि टर्मिनल दोन्ही बघा, आणि दिल्ली किंवा दुसऱ्या शहरातून कनेक्शन असेल तर उतरणार त्याच विमानतळावरून पुढचं विमान आहे ना, हेही. निघायच्या दिवशी दुपारी कंपनीच्या अ‍ॅपवर विमानाची वेळ पुन्हा एकदा बघून मगच गाडी बोलवा.